उमेद शिकवता येते काय?

धंदेशिक्षणाच्या संस्थांत शिकवणाऱ्या शिक्षकांची एक तक्रार वारंवार कानी पडते. "मुलांना शिकण्याची इच्छाच नाही," असे ते म्हणतात. यंत्रे आहेत, वेळापत्रक आहे, अभ्यासक्रम छापून तयार आहे; पण समोर बसलेला मुलगा शून्य नजरेने खिडकीबाहेर पाहत असतो. हजेरीपुरता येतो, प्रमाणपत्रापुरते शिकतो आणि बाहेर पडला की जे शिकला त्याच्याशी संबंध नसलेले काहीतरी काम पत्करतो. ही तक्रार खोटी नाही. परंतु तिच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे, आणि त्याची तपासणी क्वचितच होते. ते गृहीत असे की, इच्छा किंवा उमेद ही वस्तू विद्यार्थ्याने घरून आणावयाची असते. शिक्षकाचे काम त्यानंतर सुरू होते. हे गृहीत कितपत खरे आहे, याचा विचार आज करावयाचा आहे.

हैदराबाद शहरात हा विचार करण्यास विशेष कारण आहे. हातांना कसब शिकवण्याच्या कार्यात या शहराने मोठा वाटा उचलला आहे. बालानगर येथे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या व आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या साहाय्याने 1968 साली सुरू झालेली हत्यारांच्या आरेखनाची मध्यवर्ती संस्था आहे. विद्यानगर व रामंतापूर येथे शिक्षकांनाच शिकवणाऱ्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आहेत. मल्लेपल्लीची औद्योगिक प्रशिक्षण संस्था तर सर्वांच्या परिचयाची. याच मल्लेपल्लीत 2024 च्या जून महिन्यात, तेलंगणातील 65 औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे रूपांतर प्रगत तंत्रज्ञान केंद्रांत करण्याच्या योजनेची पायाभरणी झाली. संगणकाने चालणारी यंत्रे, यंत्रमानव असा सरंजाम या योजनेत धरलेला आहे. ही गोष्ट आनंदाची खरी. परंतु यंत्र कितीही नवे असले, तरी त्याच्यासमोर उभ्या राहणाऱ्या मुलाच्या मनात काही जागे झाले नाही तर ते नुसते लोखंड ठरते. यंत्र विकत घेता येते. उमेद विकत घेता येत नाही. मग ती शिकवता तरी येते काय?

या प्रश्नाचे एक उत्तर याच शहरात साठ वर्षांपूर्वी शोधले गेले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. लघुउद्योगांना मार्गदर्शन करणारी एक केंद्रीय संस्था 1960 साली दिल्लीस स्थापन झाली व 1962 मध्ये हैदराबादला आली. युसुफगुडा भागातील ही संस्था त्या काळी 'सिएट' या आद्याक्षरांच्या नावाने ओळखली जाई. आज ती राष्ट्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्यम संस्था म्हणून कार्यरत आहे. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्‌लेलंड यांनी या संस्थेच्या सहकार्याने 1964 साली एक प्रयोग केला. गोदावरीच्या मुखाजवळील काकिनाडा या बंदराच्या गावातील 52 व्यापारी व लहान उद्योजक तुकड्यातुकड्यांनी हैदराबादला आणले गेले. सुमारे दहा दिवस ते संस्थेतच राहत. त्यांना हिशेब, विक्री किंवा यंत्रविद्या शिकवली गेली नाही. काहीतरी उत्तम करून दाखवावे ही जी मनाची ओढ, तिचाच अभ्यास त्यांच्याकडून करून घेतला गेला.

प्रयोगाचा निष्कर्ष 1969 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. अशा वर्गांना येण्यापूर्वीच्या दोन वर्षांत ही मंडळी इतरांहून वेगळी नव्हती. पाचांपैकी एखादाच काही नवे करू पाहत होता. वर्गानंतरच्या दोन वर्षांत त्यांच्यापैकी सुमारे निम्म्यांनी नवा धंदा काढणे, चालू धंदा वाढवणे अशी हालचाल केली. वर्गास न आलेल्या तशाच लोकांत हे प्रमाण चतुर्थांशाच्या आसपासच राहिले. जुने आचारविचार, जात, पोशाख यांमुळे उमेदीस अडसर होतो ही समजूतही या प्रयोगात टिकली नाही. प्रयोग लहान होता आणि मॅक्‌लेलंड यांच्या मतांवर पुढे टीकाही पुष्कळ झाली. शिवाय ती मंडळी संसारी, पोक्त व्यापारी होती, सतरा-अठरा वर्षांची मुले नव्हती. तरीही आपल्या कामापुरते एवढे निष्पन्न होते की, उमेद ही जन्मजात मिळालेली ठेव नाही. पोक्त माणसातही ती योग्य रीतीने वाढवता येते. मग जे मन अजून घडत आहे, त्याच्याविषयी निराश का व्हावे?

ही रीत कोणती, हे एका साध्या खेळावरून ध्यानात येते. जमिनीत एक खुंटी रोवावयाची आणि दोरीची कडी त्या खुंटीत पडेल अशी फेकावयाची. कोठून फेकावयाची हे खेळणाराने स्वतः ठरवावयाचे. काही जण खुंटीच्या अगदी जवळ उभे राहतात. कडी हमखास पडते, परंतु त्यात आनंद नसतो. काही जण फार लांब जातात. कडी पडत नाही, पण त्याची लाजही वाटत नाही, कारण इतक्या लांबून कोणाचीच पडली नसती. ज्याच्या मनात उमेद आहे तो मधले अंतर निवडतो. तेथून कडी पडेल किंवा चुकेल, हे आपल्या कसबावर अवलंबून असते. चुकली तर तो हात सुधारतो, पडली तर एक पाऊल मागे सरतो. हैदराबादच्या त्या वर्गांत हा खेळ खेळवला जात असे, आणि आपण कोठे उभे राहिलो हे पाहून माणसे स्वतःला ओळखू लागत.

धंदेशिक्षणाकडे येणारा बहुतेक विद्यार्थी शालेय परीक्षांत एकदोनदा ठेचाळलेला असतो. "याला दुसरे काही जमणार नाही, म्हणून इकडे घातला," हे वाक्य त्याने घरी, शेजारी, कधी शाळेतही ऐकलेले असते. अपयशाची भीती मनात बसली की माणूस खेळातल्या त्या दोन टोकांपैकी एखादे टोक धरतो. एक मुलगा म्हणतो, "पास होण्यापुरते सांगा." दुसरा म्हणतो, "मी काही दिवसांत परदेशी जाणार, येथे कशाला शिकू?" एक खुंटीला चिकटून उभा आहे, दुसरा मैदानाबाहेर गेला आहे, दोघांनाही कडी फेकण्याची भीती वाटते. आपण याला आळस म्हणतो, पण ती बचावाची युक्ती असते. आणि आपले शिकवणे या युक्तीस मदतच करते. फळ्यावरची उत्तरे उतरवून घ्या असे सांगितले की पहिला मुलगा सुखावतो. थोर पुरुषांच्या चरित्रावर व्याख्यान दिले की दुसरा. मधल्या अंतरावर उभे राहण्याचा प्रसंग कोणावरच येत नाही.

म्हणून शिक्षकाचे पहिले काम असे की, प्रत्येकासाठी ते मधले अंतर आखून द्यावे. जोडारी शाखेत नव्या मुलास लोखंडाचा ठोकळा कानशीने सपाट व काटकोनात करावयास देतात. हे काम कंटाळवाणे असते आणि कित्येक मुले पहिल्या महिन्यातच खचतात ती येथे. हेच काम टप्प्यांत विभागता येईल. आज फक्त एक बाजू सपाट करावयाची. उद्या तिला काटकोनात दुसरी. ज्याचा हात लवकर बसला त्याला अधिक काटेकोर माप द्यावे, ज्याचा बसला नाही त्याला थोडे ढिले. शिवण शिकणाऱ्या मुलीस महिनाभर कागदावर आकृत्या कापावयास लावण्यापेक्षा पहिल्या आठवड्यातच एक साधी पिशवी पुरी शिवू द्यावी. ती पिशवी घरी जाईल, आई तीत भाजी आणील, आणि त्या मुलीला जन्मात प्रथमच, आपण शिकलेली गोष्ट उपयोगी पडते याचा साक्षात्कार होईल. असे पुरे झालेले एक लहानसे काम शंभर उपदेशांहून बलवान ठरते.

दुसरे काम म्हणजे उत्तर ताबडतोब मिळण्याची सोय. हातकामाच्या शिक्षणास या बाबतीत एक वरदान आहे, पण आपण ते वाया घालवतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यास आपले उत्तर बरोबर की चूक हे महिन्यानंतर कळते. जोडाऱ्यास ते त्याच क्षणी कळू शकते. ठोकळ्यावर गुण्या ठेवून तो उजेडाकडे धरला की, मधून प्रकाशाची रेघ दिसते किंवा दिसत नाही. गुण्या कोणाची भीड धरीत नाही आणि कोणाचा अपमानही करीत नाही. परंतु बहुधा काय होते? मुलगा ठोकळा घेऊन शिक्षकापुढे रांगेत उभा राहतो, शिक्षक पाहतो, "पुन्हा कर" म्हणतो. निकाल गुण्याचा असतो, पण मुलाला तो शिक्षकाच्या रागाचा वाटतो. त्याऐवजी असा नियम करावा की, विद्यार्थ्याने माप प्रथम स्वतः घ्यावे, वहीत लिहावे आणि मगच शिक्षकाकडे यावे. समजा, त्याने 50.1 मिलिमीटर लिहिले आणि शिक्षकाच्या मोजणीत 50.3 आले, तर बोलणे त्या दोन आकड्यांतील फरकावर व्हावे, मुलाच्या लायकीवर नव्हे. आपली चूक आपण मोजू शकतो, हे ज्याला कळले तो चुकीला भ्यायचा थांबतो.

तिसरी गोष्ट क्रमाची. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील जहाजबांधणीच्या गोद्यांत हजारो नवशिके कामगार थोड्या अवधीत तयार करावे लागले. चार्ल्स ॲलन यांनी तेथील अनुभवावरून 1919 साली शिकवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: मनाची तयारी, सादरीकरण, उपयोजन आणि चाचणी. आपल्याकडील शिल्पनिदेशकांच्या प्रशिक्षणातही या पायऱ्या शिकवल्या जातात. तथापि प्रत्यक्ष वर्गात पहिली पायरी गाळली जाते. ओहमचा नियम फळ्यावर येतो, सूत्र येते, उदाहरण येते; पण हा नियम कोणत्या अडचणीचे उत्तर आहे, हे मुलाला माहीत नसते. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माणूस लक्ष देऊन ऐकतो. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याला ओझे वाटते. यास्तव वीजतंत्रीच्या वर्गात प्रथम, सुरक्षित व्यवस्था ठेवून, एका फ्यूजवर झेपेल त्याहून अधिक भार टाकावा आणि ती वितळू द्यावी. "का वितळली?" असे मुलांनी विचारले की मग खडू हाती घ्यावा. हाताने प्रश्न उभा करावा आणि फळ्याने त्याचे उत्तर द्यावे, हा खरा क्रम होय.

येथेच भाषेचा विचार आला पाहिजे. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून विज्ञान, वैद्यक व अभियांत्रिकी शिकवण्याचे धाडस केले आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते चालवले. 1948 नंतर तेथे इंग्रजी आली. त्याआधी बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जर यांनी 1890 साली कलाभवन काढले, तेव्हा देशी भाषांतून कारागिरीचे शास्त्र शिकवावे हाच त्यांचा आग्रह होता. हैदराबादच्या आजच्या वर्गात तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी अशा अनेक भाषांची मुले एकाच बाकावर बसतात. त्या सर्वांस एका देशी भाषेत शिकवणे सोपे नाही. परंतु एवढे तरी करता येईल की, नव्या हत्याराचे नाव सांगताना, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" असे विचारावे. कोणी कानस म्हणेल, कोणी रेती म्हणेल. मग कारखान्यात चालणारे इंग्रजी नावही द्यावे, कारण त्यावाचून नोकरीत अडेल. आपल्या घरच्या शब्दाला वर्गात मान मिळाला की मुलगा स्वतःही वर्गात आल्यासारखा होतो. न समजलेली भाषा पुष्कळदा निरिच्छेचा वेष घेऊन समोर बसते, हे शिक्षकाने विसरू नये.

चौथी गोष्ट जबाबदारीची. काकिनाड्याच्या प्रयोगात असे दिसून आले की, ज्यांच्या हाती आपल्या धंद्याची सूत्रे होती त्यांच्यावर शिक्षणाचा परिणाम अधिक झाला. जे दुसऱ्याच्या हुकमाखाली होते त्यांची उमेद वाढूनही तिला वाट मिळाली नाही. आपल्या विद्यार्थ्याच्या हाती कशाची सूत्रे असतात? हत्यारांचे कपाटसुद्धा कुलूपबंद असते. या बाबतीत महाराष्ट्रातील एक उदाहरण आठवते. अन्नशास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईतील संशोधनाची नोकरी सोडून 1983 साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेली मुले तेथे आली. त्यांना सराव म्हणून तोडून टाकावयाची कामे दिली गेली नाहीत. गावाला लागणारी खरी कामे दिली गेली. लोखंडी सांगाड्याच्या घुमटाकार इमारती उभारणे, जमिनीखालील पाण्याचा अंदाज घेणे, माती तपासणे, अशी ती कामे होती. विहिरीची जागा चुकली तर शेतकऱ्याचे पैसे बुडतात, हे ठाऊक असलेला मुलगा मोजमाप घेताना पेंगत नाही. शहरातील संस्थेस विहीर शोधावयाची नसेल. पण आपल्याच इमारतीतील पंखे, नळ, बाके यांची दुरुस्ती तरी मुलांकडे सोपवता येईल. कपाटाची किल्ली आळीपाळीने एकेका विद्यार्थ्याकडे द्यावी, आणि त्याने हत्यारांचा हिशेब द्यावा. एखादे हत्यार हरवेलही. परंतु किल्ली न दिल्याने जे हरवते ते अधिक मोलाचे असते.

पाचवी गोष्ट क्षितिजाची. मुलापुढे उदाहरण ठेवावयाचे तर ते त्याच्या दृष्टीच्या टप्प्यातले असावे. मोठ्या कारखानदाराचे चित्र भिंतीवर असो. पण चारपाच वर्षांपूर्वी याच बाकावर बसलेला, आज कारखान्यात कातारी असलेला किंवा स्वतःचे दुरुस्तीचे दुकान चालवणारा तरुण महिन्यातून एकदा वर्गात यावा. त्याने पगार सांगावा, पहिल्या वर्षी काय जड गेले ते सांगावे, 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली जागा कशी मिळवली ते सांगावे. त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याने पुढील तीन महिन्यांत आपण काय करू, हे स्वतःच्या हाताने लिहावे. काकिनाड्याच्या मंडळींनीही आपली उद्दिष्टे अशीच लिहून काढली होती. आणि ते एकाच गावचे असल्यामुळे परतल्यावर एकमेकांना विचारणारे, टोचणारे, सावरणारे सोबती त्यांना होते. आपणही एका वस्तीतल्या, एका बसने येणाऱ्या चौघांचा गट केला, तर गैरहजर राहणाऱ्यास शिक्षकाच्या आधी मित्र विचारील.

या सर्व उपायांना एक मर्यादा आहे, आणि ती सांगितली नाही तर विद्यार्थ्यावर अन्याय होईल. उमेद म्हणजे भाकरी नव्हे. रात्रपाळीत माल पोहोचवून सकाळी वर्गात डुलक्या घेणाऱ्या मुलाला कडी फेकण्याचा खेळ शिकवून भागणार नाही, त्याला प्रथम, "रात्री झोपलास काय?" असे विचारावे लागेल आणि जमल्यास त्याच्या वेळेची काही सोय करावी लागेल. यंत्र नादुरुस्त, शिक्षकाची जागा रिकामी, बाहेर नोकरीचा पत्ता नाही, अशा स्थितीत मुलांच्या इच्छाशक्तीवर व्याख्याने देणे हा क्रूर विनोद होय. उमेदीस वाट लागते, आणि ती वाट बांधणे शासनाचे, कारखानदारांचे व समाजाचे काम आहे. परंतु वाट बांधली जाईपर्यंत शिक्षकाने हात बांधून बसावे असेही नाही. वर सांगितलेल्या पाच गोष्टींपैकी एकीलाही मोठा खर्च लागत नाही. गुण्या आहे, वही आहे, कपाटाची किल्ली आहे. फार तर एक फ्यूज वाया जाईल.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एकच सुचवावेसे वाटते. आपल्या वर्गात मागच्या बाकावरची तीन नावे उद्या मनाशी निवडा. त्यांतील प्रत्येकजण खुंटीला चिकटून उभा आहे की मैदानाबाहेर गेला आहे, हे आठवडाभर नुसते पाहा. मग त्याला झेपेल पण किंचित कस लागेल असे, दोन दिवसांत पुरे होणारे एक काम द्या, आणि त्याचे माप त्यालाच घेऊ द्या. पहिल्या वेळी चुकेल. दुसऱ्या वेळी माप जवळ येईल. तिसऱ्या वेळी तो न बोलावता आपल्याकडे येईल आणि विचारील, "सर, आता पुढचे कोणते?" हा प्रश्न ज्या दिवशी कानी पडेल, त्या दिवशी मुलांना शिकण्याची इच्छा नाही ही तक्रार निदान एका नावापुरती तरी मागे घ्यावी लागेल.